हवा ओढणारी नळी

आमचे दाजी गिऱ्हाइकाला कधीच काही विचारत नाहीत. रबराच्या नळ्यांचं दुकान त्यांचं, मी त्यांचा मेहुणा, वीस वर्षं त्यांच्याच हाताखाली. माणूस पायरी चढला की दाजी त्याच्या हातातली फाटकी नळी घेतात, अंगठ्याने दाबतात आणि मागच्या भिंतीवरची एक नळी काढतात. तिचं एक तोंड तळहाताने बंद करून दुसऱ्या तोंडातून गाल फुगेपर्यंत फुंकतात. हवा सुटली नाही की झाला सौदा. बहुतेक वेळा नळी बरोबर निघते, हीच तर पंचाईत. घरातही तोच कारभार. घराला कोणता रंग लागणार हे माझ्या बहिणीला रंगारी दारात आल्यावर कळलं.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, एका गॅरेजमध्ये काम करते. दोन वर्षं खपून तिने एका जुन्या गाडीला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. एकीकडून हवा ओढायची आणि दुसरीकडून इंजिनात कोंबायची, एवढंच त्याचं काम. गॅरेजच्या मालकाने तिला सांगून ठेवलं होतं, की रविवारच्या डोंगरचढाईत गाडी वर पोहोचली तर इंजिनचं काम तिच्या हाती, नाहीतर गाड्या धुणं आहेच. फेरी प्रत्येकाला एकच.

शुक्रवारी ती कागदावर आकृती काढून दुकानात आली. दाजींनी कागदाकडे पाहिलंही नाही. निळी, मऊ, कोपरासारखी वाकलेली नळी काढली, फुंकली, दिली. ती जरा वेळ उभी राहिली, मग कागदाची घडी घालून निघून गेली. आकृती मी पाहिली होती. नळी एअर फिल्टरकडून टर्बोकडे, म्हणजे हवा ओढायच्या बाजूला जात होती. मला शंका आली होती, आणि मी मूग गिळून बसलो.

रविवारी सकाळी गॅरेजमधला पेंटर त्याच्या कॉम्प्रेसरची नळी न्यायला आला. जाता जाता म्हणाला, तुमच्या पोरीच्या फिल्टरवर ती निळी नळी झकास दिसते. दाजींचा हात हवेतच राहिला.

"फिल्टरवर?"

पेंटर गेल्यावर त्यांनी तसलीच दुसरी नळी काढली, एक तोंड बंद केलं, आणि या वेळी फुंकली नाही, ओढली. नळी चपटी होऊन आतून चिकटली. इंजिनकडच्या नळीत हवा कोंबली जाते, ती फुंकून कळते. फिल्टरकडच्या नळीतून हवा ओढली जाते. तिच्या अंगात तार गुंफलेली हवी, नाहीतर पूर्ण जोर लावला की ती मिटते. चढावर, ऐन वळणावर इंजिन बंद पडलं की ब्रेक जड होतो आणि स्टिअरिंगही.

मी भाचीला फोन लावला. तो माझ्या बहिणीने उचलला. पोरगी फोन घरीच विसरली होती. दाजींनी तारेची काळी नळी खांद्याला अडकवली आणि शटर न ओढताच स्कूटरवर माझ्या मागे बसले. एरवी मला प्रत्येक चौकात गाडी चालवायला शिकवणारा हा माणूस त्या अर्ध्या तासात चकार शब्द बोलला नाही. मला त्यांचा राग येत होता आणि स्वतःचा त्याहून जास्त.

डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा तिच्या पुढे तीन गाड्या उरल्या होत्या. दाजींनी बॉनेट उघडलं आणि निळी नळी दाबली. ती दबली नाही.

"मी आत तारेची स्प्रिंग करून घातलीय," भाची म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. नळी मिटणार हे तिला शुक्रवारीच दुकानात कळलं होतं.

दाजींनी नळी आवळणारा क्लॅम्प सैल करून तिचं टोक ओढलं. गाडी तापवताना स्प्रिंग सरकली होती. तिचं शेपूट पंख्यापासून बोटभर अंतरावर आलं होतं. चढावर ते आत ओढलं गेलं असतं तर पंख्याचे तुकडे इंजिनात गेले असते, आणि दोन वर्षं पाण्यात. ते पाहून भाची मटकन टायरवर बसली.

पुढची गाडी सुटली. दोन राहिल्या.

"मला बोलली का नाहीस?"

"भीती वाटली, बाबा. तुम्हाला चुकलं म्हणायची."

दाजींनी काळी नळी तिच्यापुढे धरली. स्वतः बसवली नाही. तिने ती तपासली, तोंडं मापून पाहिली, ओढून पाहिली, मग बसवली. मी टॉर्च धरला, दाजींनी क्लॅम्प हातात ठेवले आणि ती मागेल तसे दिले. शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा झेंडेवाला तिच्या नंबराने हाका मारत होता.

गाडी पहिल्या वळणामागे दिसेनाशी झाली. नंतर फक्त आवाज. दुसऱ्या वळणावर तो जरा खाली आला तेव्हा दाजींनी माझं मनगट इतकं आवळलं, की बोटांचे वळ उठले. आवाज पुन्हा चढला. वर पोहोचल्याची शिट्टी झाली. लोक टाळ्या वाजवत होते, आणि दाजी रस्त्याच्या कडेला खाली बसले होते.

मी त्यांच्याजवळ बसलो.

"तुलाही वाटते का रे माझी भीती?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.