गाऱ्हाण्याचा तास

इंदुमतीबाईंची आणि माझी पहिली भेट सिंधुदुर्गनगरीत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात झाली. मी मूळचा सोलापूरकडचा. रेडीजवळच्या एका प्राथमिक शाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि रविवार हातचा गेला म्हणून शेवटच्या बाकावर तोंड पाडून बसलो होतो. तेवढ्यात खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या, ठेंगण्याशा एक बाई आत आल्या. ना नमस्कार, ना प्रस्तावना. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सरळ गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

इकडे देवळात, जत्रेत, अगदी नवी होडी पाण्यात ढकलतानाही गावातला जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, आज ही मास्तर मंडळी आयतवार मोडून हयसर येवन बसली आसत..."

"व्हय म्हाराजा!" खोली दुमदुमली.

"तेंच्या मनात आसा, ह्या प्रशिक्षण बेगीन सुटूक व्हया..."

"व्हय म्हाराजा!" या खेपेला आवाज दुप्पट होता.

"तर तेंका च्याय वेळेर गावांदे, आणि च्यायबरोबर थोडी अक्कलय गावांदे, रे म्हाराजा!"

या वेळी हसता हसता मीही ओरडलो. बाईंनी डोळे उघडले आणि नेमकं माझ्याकडेच पाहिलं. "बाहेरचे दिसताय गुरुजी. कुठले?"

"सोलापूरचा."

"मालवणी समजलं?"

"नाही बाई."

"मग होकार कसा दिलात?"

"सगळेच देत होते. राहवलं नाही."

"झालं तर," बाई म्हणाल्या. "तुमच्या वर्गात जे मूल गप्प बसतं, त्यालाही राहवणार नाही असं काहीतरी करा. आज एवढंच शिकायचं आहे. बाकीचं चहा पिऊन."

चहानंतरचं बाकीचंही आम्ही शिकलो. आमच्या वर्गांत मालवणी बोलणारी मुलं असतात, चिऱ्यांच्या खाणीवर आलेल्या कुटुंबांची कानडी बोलणारी असतात, आंब्याच्या बागा राखणाऱ्यांची नेपाळी बोलणारी असतात. पुस्तक मात्र या सगळ्यांना एकच. बाईंची रीत अशी, की मुलाला आधी त्याच्या भाषेत बोलू द्यायचं, तेच शब्द फळ्यावर लिहायचे, ते त्याला वाचता आले की पुस्तकातली मराठी त्यांच्या शेजारी मांडायची. ही रीत सांगून त्या थांबत नसत. निवृत्तीनंतरही मालवणहून एसट्या बदलत प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसत. कुठल्याही मुलाला कोणी 'मठ्ठ' म्हटलेलं त्यांना खपत नसे. एका ज्येष्ठ गुरुजींना तर त्यांनी कानडीतून हिशेब विचारले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळाल्यावर शांतपणे विचारलं, "आता तुमका काय म्हणू?"

माझ्या वर्गात सरिता होती. दुसरीत. तिचे वडील नेपाळचे, एका आंब्याच्या बागेचे राखणदार. पोर शाळेत आल्यापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. एक दिवस वडील येऊन म्हणाले, "सर, पोरगी बोलत नाय, शाळेत काय करनार? घरी छोटा आहे, त्याला बघेल. उद्यापासून नाय पाठवत." मी गयावया केली, पण त्यांचं ठरलं होतं. शेवटी बाईंना फोन केला.

बाई आल्या त्या शाळेत नव्हे, थेट बागेतल्या खोपीवर. सरिताची आई तांदूळ निवडत होती. बाईंनी तिच्यापुढे फतकल मारली, सूप ओढून घेतलं आणि दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून तिचं नेपाळी नाव विचारायला लागल्या. बाईंचे उच्चार ऐकून त्या माउलीची हसून हसून पुरेवाट झाली. सरिता दाराआडून बघत होती. निघताना बाईंनी वडिलांकडून दिवाळीपर्यंतची मुदत तेवढी मागून घेतली.

मग आमच्या वर्गात रोज गाऱ्हाणं सुरू झालं. कोणी पोषण आहारात माशाचं कालवण मागे, कोणी गुरुजींना सर्दी व्हावी असं मागे, आणि वर्ग जोरात होकार भरे. सरिता गप्पच. दिवाळी जवळ येत चालली तसा माझा धीर सुटू लागला.

अशात सिंधुदुर्गनगरीहून शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा बघायला आले. पालकही जमले होते. बाईही होत्या. साहेब भाषणाला उभे राहिले. "मुलांनो, रोज शाळेत आलं पाहिजे," म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले.

"व्हय म्हाराजा!" मुलं गरजली.

साहेब दचकले. मला घाम फुटला. "मोठ्यांचा मान राखला पाहिजे..."

"व्हय म्हाराजा!"

साहेब इकडचेच असावेत, त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. "बरं, आता मी जास्त बोलत नाही."

"व्हय म्हाराजा!!" हा होकार सगळ्यांत मोठा होता, आणि बाकीची थांबल्यावरही त्यातला एक बारीक, धारदार आवाज रेंगाळत राहिला. तो सरिताचा होता. साहेब खो खो हसले. दारात उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी कडेवरच्या धाकट्याला खाली ठेवलं.

बाई पुढे झाल्या. "आता तुझा गाऱ्हाणा घाल गो बाय. तुझ्या भाशेत घाल."

सरिताने हात जोडले. "देउता, मेरी आमालाई पनि पढ्न सिकाइदेऊ।"

आमा म्हणजे आई, हे एव्हाना आम्हा सर्वांना ठाऊक होतं. माझ्या आईलाही वाचायला शिकव, असं ती पोर मागत होती. वर्गाने होकार भरला. एकट्या बाईंनी तो भरला नाही; त्या खडू घेऊन सरिताचे शब्द फळ्यावर लिहीत होत्या.

दिवाळीनंतर सरिता शाळेत आली. एकटी नाही, आईचा हात धरून. त्या वर्षी बाई दर शनिवारी मालवणहून येत राहिल्या, त्या सरितासाठी नव्हे. सरिता आता शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे. मी स्वतः आता इतर शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो. तरी बाईंच्या लेखी मी अजून 'सोलापूरचे गुरुजी'च आहे. "तुमचा मालवणी आयकान माडावरचो कावळो उडान जातलो," असं त्या मला चारचौघांत ऐकवतात आणि मला फार बरं वाटतं.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून हा लेख. कावळा उडाला तर उडू दे, मागणं मी मालवणीतच मागतो. बा देवा म्हाराजा, आमच्या बाईंका शंभर वर्सांचा आयुष्य दी. त्यांचे गुडघे कुरकुरतत, पण त्या एसटी चढाची सोडनत नाय, तर त्या गुडघ्यांका बळ दी. आणि जंय खंय एखादा पोर वर्गात गप बसलेला आसात, थंय आमच्या बाईंका पोचव, रे म्हाराजा!

लेख इथवर लिहून झाल्यावर तो मी सरिताच्या आईकडे नेला. ओळींखाली बोट सरकवत, सावकाश, त्यांनी तो सगळा स्वतः वाचला. मग कागद कपाळाला लावून म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."