रेकॉर्डरूमची मांजर

कोल्हापुरातल्या त्या जुन्या दगडी कचेरीत नवा माणूस कामाला आला, की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी सांगतात. चहा कुठल्या गाड्यावरचा घ्यायचा, आणि रेकॉर्डरूमच्या उंबऱ्यात काळी मांजर बसली असेल तर ओलांडून जायचं नाही. ती म्हणे संस्थानाच्या काळातच मेलीय, पण अजून दप्तर राखते. ओलांडलं तर घरातलं माणूस जातं. हे ऐकून साहेब लोक हसतात, आणि हसत हसत लांबूनच जातात.

ही थाप मारली होती फक्रुद्दीनमामानं.

मामा रेकॉर्डरूमचा शिपाई, राहायला उचगावात. लाल फडक्यातले गठ्ठे बांधायचे, मागेल त्याला काढून द्यायचे, एवढंच काम त्यानं जन्मभर केलं. पण कुठल्या गावाचे फेरफार कुठल्या फळीवर, हे तो झोपेतही सांगेल. उंदीर कागद कुरतडायला लागले तेव्हा त्यानंच एक काळं पिल्लू आणून सोडलं. मग एक कडक साहेब आले. कचेरीत जनावर कशाला, पोत्यात घालून पन्हाळ्याच्या घाटात सोडून या, म्हणाले. त्या संध्याकाळी मामाला जेवण जाईना. त्याची बायको फातिमा म्हणाली, "भूत हाय म्हणून सांगा की. माणसं जित्या जनावराला भीत न्हाईत, मेलेल्याला भित्यात."

मामानं तसं सांगितलं आणि पोतं रिकामंच राहिलं. पुढं ती मांजर मेली, तिची लेक तिच्या जागी बसली, मग लेकीची लेक. सगळ्या काळ्याच. कचेरीला वाटलं, ही मरतच नाही. राईचा पर्वत व्हायला सरकारी कचेरीइतकी चांगली जागा दुसरी नाही. फातिमा मात्र रोज मामाच्या जेवणाबरोबर दूधभाकरीचा एक छोटा डबा द्यायची. "ह्यो तुमच्या भुताचा," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

तिला दमा होता. गेल्या माघातल्या एका सकाळी तिनं धापा टाकतच दोन्ही डबे भरले. मामा म्हणाला, आज रजा टाकतो. तिनं ऐकलं नाही. दुपारी बाराच्या सुमारास ती कोसळली. लेक शबनूरनं तिला दवाखान्यात नेलं आणि बापाला फोन लावला. पण त्या जाड भिंतींआड रेंज येत नाही. म्हणून तिनं बाहेरच्या बाकावरच्या केरबा शिपायाला फोन केला, "काका, अब्बांना लगेच पाठवा. अम्मी त्यांनाच बोलवायलीय."

केरबा धावतच गेला. उंबऱ्यात मांजर बसली होती.

केरबाच्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. त्याचा पाय उचलेना. त्यानं बाहेरूनच हाका मारल्या. मामा पार मागच्या फळ्यांशी, त्यात कानानं मंद. मांजर हलेना, कारण तिच्या डब्याची वेळ झाली होती. केरबा तास-दीड तास तिथंच घामाघूम उभा राहिला. दुसऱ्या कुणाला सांगावं तर तोही याच कचेरीतला.

जेवायच्या सुट्टीत मामा आपण होऊन मांजर ओलांडून बाहेर आला, तेव्हा त्याला निरोप कळला. रिक्षानं दवाखान्यात पोचला, तर फातिमा नुकतीच गेली होती. "सारखी दाराकडं बघत होती अब्बा," एवढंच शबनूर म्हणाली.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर मामा कामावर आला. केरबानं त्याचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला. मामानं त्याला उठवलं. कुणावर रागवायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

"केरबा, ती साधी मांजर हाय. भूत मीच केलंतं. तिला पोत्यात घालणार हुते म्हणून."

केरबानं मान हलवली. "न्हाय मामा. माझ्या समाधानासाठी बोलू नका. मी डोळ्यानं बघितलंय. साधी मांजर असती तर वलांडलं नसतं व्हय?"

मामानं परत सांगितलं, आईची शपथ घेऊन सांगितलं. भोवती जमलेल्यांनी माना डोलावल्या आणि दुःखानं माणूस काहीबाही बोलतो, असं हळूच म्हणाले. मामानं मांजर ओलांडली त्याच दिवशी त्याची बायको गेली, आता आणखी पुरावा काय पाहिजे? स्वतःचा गुन्हा कबूल करायचीही सोय त्याला उरली नव्हती.

आत जाऊन त्यानं कपाट उघडलं. त्या दिवशीचा छोटा डबा तसाच होता. दूध नासून भाकरीला बुरशी आली होती. मांजर पायाशी येऊन ओरडायला लागली. मामा डबा घेऊन नळापर्यंत गेला. फातिमाच्या हातचं हे शेवटचं. नळ सुरू करून तो उभाच राहिला, आणि डबा काही त्याच्यानं धुववेना.