बेड लिहिलेली डिस्क

अण्णांच्या घरात ‘नाही’ हा शब्द चालत नसे. चिंच नाही, चष्मा नाही, आज पाणी नाही, असं काहीही कोणी म्हणालं की ते हातातलं काम थांबवून सांगत, “नाही म्हणू नको रे. दिसत नाही म्हण.” मल्लेश्वरमच्या कोपऱ्यावरच्या एका रिक्षावाल्याने मीटर नाही म्हटलं, तेव्हा त्यालाही त्यांनी कन्नडमधून हाच धडा दिला आणि सीटखाली वाकून बघायला लावलं. मीटर निघालं नाही. पण तो माणूस पुढे अण्णांना दिसला की स्वतःहून रिक्षा थांबवायचा.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरात आलेला आणि मुळातच कमी बोलणारा. ‘ठीक आहे’ आणि ‘बघू’ एवढ्यावर माझं घरी-दारी भागतं. त्यामुळे पुढचं सगळं सांगायला मला फार उशीर झाला.

अण्णांचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की मूळ गाव विचारलं तर म्हणायचे, “हेच की.” बोलायचे मराठी, पण तीत कन्नड असं मिसळलेलं की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही कळत नसे. मी एकदा अप्रूप म्हणून ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तुझ्या मराठीत तरी काय आहे? इंग्लिश खूप, मराठी स्वल्प.”

घरात ते आणि त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण, अक्का. अण्णांनी लग्न केलं नव्हतं. अक्का फार लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. सत्तरीच्या भावाला ती ‘पुट्टा’, म्हणजे लहानग्या, अशी हाक मारायची. दोघांचं रोज एक भांडण ठरलेलं असे आणि त्याचा शेवटही ठरलेला असे. अक्का शांतपणे म्हणायची, “मी असं म्हणालेच नाही.”

टेलिफोन दुरुस्तीत हयात घातलेल्या माणसाला हे किती दिवस सोसणार? निवृत्त झाल्यावर अण्णांनी जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, अक्काच्या डोळ्यांदेखत एक छोटा माइक बसवला. कोठीच्या खोलीत, गूळ आणि डाळींच्या डब्यांमध्ये, कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला कम्प्युटर होता. त्याला अण्णा सर्व्हर म्हणत. त्यावर गाणी होती, घरातले फोटो होते, आणि आता रोजचं जेवण रेकॉर्ड होऊन तिथे जाऊ लागलं. त्या फोल्डरचं नाव ‘पुरावा’.

पुराव्याचा उपयोग एकदाही झाला नाही. अक्का नाही म्हणाली की अण्णा उठून जायचे, नेमकी जागा शोधून वाजवून दाखवायचे. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “आवाज माझा आहे. म्हणणं माझं नव्हे.”

अक्का वारल्यावर अण्णा सकाळच्या कॉफीबरोबर एक भांडण ऐकू लागले. नुसतं ऐकत नसत, उत्तरंही देत. मला वरून दोन्ही आवाज ऐकू यायचे आणि दात घासता घासता क्षणभर वाटायचं, अक्का आज फारच चिडलीय.

आता माझं. त्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी होती की तिचे अपडेट येणं कधीच बंद झालं होतं. मी ऑफिसात शेकडो मशीन सांभाळतो. खाली गूळ घ्यायला गेलो की मला ते बघवायचं नाही. “अण्णा, हे बदलायला हवं. एक दिवस सगळं बसेल,” असं मी इतक्या वेळा म्हणालो की शेवटी ते तयार झाले. त्या रविवारी त्यांना बसवनगुडीत एका लग्नाला जायचं होतं. किल्ली देताना मी विचारलं, “सगळ्याची दुसरी प्रत आहे ना?”

“तू आहेस की,” ते म्हणाले.

मी हसलो. याच प्रश्नाचं असं उत्तर ऑफिसात कोणी दिलं असतं तर मी त्याला तासभर सोडलं नसतं.

कम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. जुनी सिस्टीम होती ती छोटी डिस्क कुरकुरत होती, म्हणजे नव्या सिस्टीमला दुसरी जागा हवी. बाकी तीन डिस्क. प्रत्येकीवर पांढरी पट्टी आणि त्यावर अण्णांचं टपोरं अक्षर. गाणी. फोटो. आणि तिसरीवर, बेड. हे कन्नड मला येत होतं. भाजीवाली कोथिंबीर पुढे करून विचारते, मी म्हणतो ‘बेड’, ती जुडी परत ठेवते. बेड म्हणजे नको. अण्णांना नको असलेली डिस्क, तीही सगळ्यांत मोठी. माझी सोयच झाली. अक्काची भांडणं गाण्यांबरोबरच असतील असं धरून आत काय आहे ते मी उघडून पाहिलं नाही. नव्या सिस्टीमने दोनदा विचारलं, यावरचं सगळं जाईल, चालेल का? मी दोनदा हो म्हटलं.

मग कम्प्युटर पुन्हा सुरू केला तर गाणी आणि फोटो या दोन्ही डिस्क गायब. मला घाम फुटला, तोही चुकीच्या डिस्कसाठी.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघांनी कोठीच्या खोलीत काढले. अण्णांचे हात थरथरायचे, त्यामुळे वायर लावायचं काम माझं आणि सूचना त्यांच्या. वायर बदलल्या, जागा बदलल्या, मदरबोर्डच्या सेटिंग उलटसुलट केल्या. अण्णा डिस्कला कान लावून सांगायचे, “फिरतेय. आत आहे, लाजतेय.” मध्येच इडली यायची. शेवटी मला कळलं की या दोन डिस्क एका जुन्या कार्डावरून जोडलेल्या होत्या आणि नव्या सिस्टीमने त्या कार्डाची ओळखच सोडली होती. जुन्या बाजारातून दुसरं कार्ड आणलं, बसवलं, आणि दोन्ही डिस्क पडद्यावर हजर. गाणी जागेवर आहेत तोवर त्यांची एक प्रत हवी म्हणून मी ती सगळी त्या मोठ्या डिस्कवर उतरवून घेतली. बॅकअपची आठवण मला तेव्हा झाली.

अण्णांनी मैसूरपाकाचा एक तुकडा कॅबिनेटवर ठेवला, एक मला दिला. म्हणाले, “सरी, बरं झालं. आता अक्काला काढ.”

“कुठे आहे अक्का?”

“अरे, वर लिहिलंय की. बेड. कोणी हात लावायचं नाही म्हणून.”

नको म्हणजे उपयोगाचं नाही, आणि नको म्हणजे हात लावू नकोस. आपल्या मराठीतही तेच आहे. पण मी हा विचार नंतर केला. त्या वेळी मैसूरपाक तोंडात होता. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “ती दिसत नाहीये.”

“दिसत नाही नं? नाही असं नव्हे नं?”

“दिसत नाही.”

“मग शोधू की,” अण्णा म्हणाले आणि मैसूरपाकाचा आणखी एक तुकडा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले तेव्हा मी सिस्टीम एका नव्या डिस्कवर हलवली आणि बेड लिहिलेली डिस्क वर माझ्या खोलीत नेली. जे जे प्रोग्रॅम पुसलेलं शोधून देतात ते सगळे तिच्यावर चालवले. शेवटी एक खोकला सापडला. तोही अण्णांचा.

डिस्क परत जागेवर ठेवली आणि त्यानंतर सव्वा वर्ष मी काय केलं ते लिहायला हात जड होतो. दर रविवारी अण्णा इडलीचं पीठ बघायला स्वयंपाकघरात गेले की मी त्या डिस्कच्या विजेची वायर किंचित सैल करून ठेवत असे. मग अण्णा यायचे आणि शोध सुरू व्हायचा. त्यांनी या काळात इतकं शिकून घेतलं की माझ्या ऑफिसातल्या चार जणांना शिकवलं असतं. नवं कार्ड आलं, नव्या वायरी आल्या, एकदा तर वेगळा वीजपुरवठा आला. डिस्क दिसायची नाही. कशी दिसेल, मी बसलो होतो ना तिथे. अण्णा वहीत ‘आज हे केलं’ असं लिहायचे आणि खूश होऊन म्हणायचे, “एक कारण कमी झालं बघ.” मीही मान हलवायचो. चटणी वाढून घ्यायचो.

असं अजून किती चाललं असतं कोण जाणे. पण एका रविवारी मी वर जायला वळलो आणि मागे अण्णा हळू आवाजात बोलताना ऐकू आले. ते डिस्कशी बोलत होते. “तुला खोटं पाडायला ठेवलं होतं गं सगळं. म्हणून रुसलीस. तूच बरोबर होतीस, ये आता.”

अक्का बरोबर होती हे ते तिच्या हयातीत एकदाही म्हणाले नव्हते.

मी परत आत गेलो. म्हणालो, “अण्णा, ती दिसत नाही असं नव्हे. ती नाही.” आणि मग सगळं. लग्नाचा दिवस, बेड, दोनदा म्हटलेलं हो, सैल वायर.

त्यांनी डिस्कवरची पट्टी बोटाने पुन्हा घट्ट चिकटवली. मग विचारलं, “आज इडली खाल्लीस?”

“हो.”

“किती?”

“पाच.”

“चटणी परत मागितलीस.”

“हो.”

“डिस्क चुकून गेली. चटणी चुकून नाही मागितलीस,” ते म्हणाले, आणि कोठीचं दार ओढून घेतलं.

दोन महिने ते जिन्यात भेटले की भिंतीकडे बघत. मी घर सोडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या नात्यातल्या एका मुंजीचं बोलावणं माझ्या दाराखालून आत सरकलं. मी गेलो. अण्णांनी मला भर मांडवात हाताला धरलं आणि दहा-बारा म्हाताऱ्यांपुढे नेऊन उभं केलं. “हा आमचा वरचा. यानं आमची अक्का पुसली. सांग रे, पहिल्यापासून सांग.”

‘ठीक आहे’ आणि ‘बघू’ने तिथे भागणार नव्हतं. मी सांगू लागलो. वायरीच्या जागी त्या म्हाताऱ्यांतला एक जण हसला, मग सगळे. अण्णा मात्र हसत नव्हते, ते मला सुधारत होते. अक्काचं ‘मी असं म्हणालेच नाही’ हे वाक्य मी माझ्या पद्धतीने म्हटलं की टोकायचे, “असं नव्हे. ‘पुट्टा’ आधी, मग वाक्य. आणि रागानं नाही, थंड म्हण.” मी पुन्हा म्हणायचो. कुणी म्हातारी मध्येच सांगायची, नाही हो, ती असं म्हणायची. मग अण्णांचं तिच्याशी वाजायचं. त्यानंतर मुंज असो, बारसं असो, अण्णांबरोबर मी आणि माझी तीच ओळख. इडलीही परत सुरू झाली. चटणी मात्र ते एकदाच वाढत.

अण्णांना जाऊन आता काही महिने झाले. तेराव्याला हेब्बाळहून त्यांची एक लांबची पुतणी आली होती. तिने विचारलं, तुम्ही कोण? वरचा भाडेकरू, म्हणून सुटता आलं असतं. मी म्हणालो, “मी तुमची अक्का पुसली.” पंगत थांबली. मी पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि अक्काच्या वाक्याशी आलो तेव्हा सवयीने थांबलो, अण्णा टोकतील म्हणून. कोणी टोकलं नाही. जरा वाट बघितली. मग पुढे सांगितलं.