उजवीकडून उघडायचं पुस्तक

राजस खळदकर कुणाचं मन मोडत नाही. कसबा पेठेत त्याच्याबद्दल कुणालाही विचारा, हेच सांगतील, आणि वर कौतुकानं सांगतील. मला विचाराल तर याच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही.

हडपसरला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत तो टेस्टर आहे. नवा गेम लोकांच्या हाती जाण्याआधी यानं तो पुन्हा पुन्हा खेळायचा, भिंतीतून आरपार जाता येतं का, मेलेला शत्रू मध्येच उठून बसतो का, ते शोधायचं आणि कळवायचं. दुसऱ्याच्या कामातली खोट त्याला बरोबर सापडते. घरी मात्र जीभ टाळ्याला चिकटते.

आमची ओळख मांगाच्या एका ग्रुपवर झाली. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. दुसऱ्याच भेटीत, बिबवेवाडीतल्या एका अमृततुल्यात बसून, आम्ही एकमेकांना सांगून टाकलं की त्याला मुलगे आवडतात आणि मला, मी मुलगी असून, मुली. तो इतका हसला की चहा सांडला. त्या ग्रुपवर हे कुणाला कळलं तर काही बिघडणार नाही, असं तेव्हा आम्हाला वाटायचं, कारण दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या कथा तिथे सगळ्यात लाडक्या. दोन देखणे पोरगे एकमेकांच्या मिठीत दिसले की पोरी किंचाळायच्या, बदामांचा पाऊस पडायचा. मग एकदा राजसनं सहज लिहिलं की मीही तसाच आहे. एकही बदाम पडला नाही. शेवटी एकानं 'ब्रो, रिस्पेक्ट' असं टाकलं, आणि पुढच्या ट्रेकला याच्याबरोबर तंबूत झोपायला एकही जण तयार होईना. कागदावरचे चालतात, तंबूतले चालत नाहीत. मी ग्रुप सोडला. राजसनं सोडला नाही. लोकांना वाईट वाटेल म्हणे.

केदार त्याला गेममध्येच भेटला. दोघांनी मिळून लढायचा गेम होता, एक पडला की दुसऱ्यानं उचलायचं. चार-सहा महिने नुसते आवाजानं ओळखत होते, मग भेटले, मग हडपसरला केदारच्या खोलीवर राजसचे शनिवार-रविवार जायला लागले. केदार सरळ माणूस आहे. त्यानं एकच गोष्ट मागितली. "घरी एकदा सांग. नाही म्हणू देत, आरडाओरडा करू देत, पण सांग. मी जन्मभर तुझा ऑफिसातला मित्र म्हणून तुमच्याकडे पोहे खायला येणार नाही."

राजसला सांगता येईना. वडील अनंतकाका बाइंडर. पेठेत त्यांचं लहानसं दुकान आहे, खळीचा आणि पुठ्ठ्याचा वास असलेलं. घरात बोलणं कामापुरतं. मग राजसनं त्याला जमणारा मार्ग काढला. त्यानं चित्रकथा काढली, 'दोन खेळाडू', आणि ती बांधायला वडिलांकडेच दिली. बाबा कधी न वाचता पुस्तक बांधत नाहीत, हे त्याला माहीत होतं. तोंडानं जे निघत नव्हतं ते पानांवर त्यांच्या हातात पडणार होतं, आणि मग ते काहीतरी बोलतील, एवढीच त्याची आशा. शनिवारी कॉमिक्सच्या संमेलनात आमचा स्टॉल होता, त्याच्या प्रती तिथे ठेवायच्या होत्या.

कथेत एकही शब्द नव्हता. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात; आपल्या पुस्तकाचं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. राजसनं तसंच काढलं होतं, प्रत्येक पानावर शेजारी शेजारी दोन चित्रं आणि खाली आकडा. सुरुवातीला अंतरपाटामागे उभा असलेला नवरदेव. तो मुंडावळ्यांची गाठ सोडतो, कार्यालयातून बाहेर पडतो, गल्ल्यांमधून एकटा चालतो, बसथांब्यावर येतो. तिथे दुसरा उभा असतो. शेवटच्या पानावर दोघं एका खोलीत जमिनीवर बसून गेम खेळताहेत, पडद्याचा उजेड तोंडावर, गुडघ्याला गुडघा लागलेला. ते पान बघून मला रडू आलं होतं, आणि मी काही ऊठसूट रडणारी नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्रती आल्या. देखणी बांधणी, पाठीला तांबडी कापडी पट्टी. पण नाव छापलेला पुठ्ठा भलत्याच बाजूला, शेवटच्या पानावर बसवलेला. पुस्तक आता आपल्या नेहमीच्या पुस्तकासारखं डावीकडून उघडत होतं, आणि गोष्ट उलटी झाली होती. दोन मित्र खेळत बसलेत, थांब्यावर एकमेकांचा निरोप घेतात, एक जण गल्ल्यांमधून घरी येतो, मुंडावळ्या बांधतो आणि अंतरपाटामागे जाऊन उभा राहतो. शब्द नसल्यामुळे कुठे काही खटकतही नव्हतं. मी म्हटलं, म्हाताऱ्याला मांगा काय माहीत, झाली चूक.  राजस एक प्रत हातात घेऊन पानाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला.

शनिवारी केदार स्टॉलवर आला. राजस ती कथा काढत असताना त्यानं पाहिली होती. प्रत चाळली, ढिगावर परत नीट ठेवली आणि विचारलं, "बदलून घेणार ना?"

"बघू," राजस म्हणाला.

पुण्यात 'बघू' म्हणजे काय, हे केदारला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "बघ," म्हणून तो गेला. दिवाळीनंतर त्यानं बंगळूरची नोकरी घेतली.

मी सोमवारी दुकानात गेले. अनंतकाका खळ ढवळत होते.

"काका, पुस्तक उलटं बांधलं गेलंय."

"असं?"

"जपानी पद्धतीनं उजवीकडून उघडतं ते. तुम्हाला कल्पना नसेल."

"खाली आकडे होते की. तेवढे येतात मला वाचता."

मी हातातली प्रत उघडली. एकाही पानावर आकडा नव्हता. खालची कड स्वच्छ, सरळ कापलेली होती.

"कटिंगमध्ये गेले," ते म्हणाले. "आणि चुकून गेले, असं पेठेत कुणाला सांगू नकोस. हसतील तुला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे मुद्दाम केलंत? त्यानं ते तुम्हाला सांगायला काढलं होतं, काका."

"कळलं ना ते. दोनदा वाचलं, त्याला हवं तसं. पोरगं बोहल्यावरून उठून जातं. मग इकडून वाचून बघितलं. इकडून चांगली आहे गोष्ट." काठी भांड्याच्या कडेवर आपटून त्यांनी खळ झटकली. "जाताना दार ओढून घे. धूळ येते."

मी तडक राजसला गाठलं आणि सगळं ओकले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "आकडे नाहीत हे शुक्रवारीच दिसलं मला."

"आणि गप्प बसलास?"

"मला त्यांच्याकडून उत्तर हवं होतं, तनया. दिलं ना त्यांनी."

"अरे, मग आता तू बोल! तोंडानं बोल!"

"तुझं सोपं आहे. तुझ्या घरचे भांडतात तरी. आमच्याकडे कुणी भांडत नाही." तो खाली बघून म्हणाला, "त्यांनी रात्रंदिवस बसून प्रती बांधल्या. पट्टीचं कापडसुद्धा चांगलं वापरलंय."

मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. बापानं ज्या हातांनी याची गोष्ट कापली त्याच हातांच्या सफाईचं याला कौतुक!

राजसचा साखरपुडा मार्गशीर्षात झाला. मुलीचं नाव स्पृहा. तिलाही जपानी चित्रकथांचं वेड, म्हणून स्थळ चांगलं जुळलं, असं सगळे म्हणत होते. उरलेल्या प्रती अनंतकाकांनी पेढ्यांच्या पुड्यांबरोबर पाहुण्यांना वाटल्या. "आमच्या राजसनं काढलंय." मावश्या-आत्या पानं उलटत होत्या. शेवटी लग्न लागतं ते फार छान दाखवलंय, असं एकीनं मलाच सांगितलं.

स्पृहा खुर्चीत बसून वाचत होती. थोड्या वेळानं ती पुस्तक घेऊन राजसकडे आली. मी शेजारीच होते.

"हे दुसऱ्या बाजूनं वाचायचंय का रे?" तिनं हळूच विचारलं. "मी सवयीनं मागून उघडलं, तर वेगळीच गोष्ट निघाली. त्यात तो मांडवातून उठून जातो."

शहाणी मुलगी. तिनं विचारलं त्यात संशय नव्हता, राग नव्हता. खरं काय ते तिला हवं होतं, आणि तो तिचा हक्क होता. आमच्यासारख्यांमध्ये एकच नियम आहे: दुसऱ्याचं गुपित आपण फोडायचं नाही. तो मी आजवर पाळला आहे आणि त्या दिवशीही पाळला, पण त्या दिवशी मला त्या नियमाची किळस आली. मी नुसती राजसकडे बघत राहिले. हो म्हण. एवढं एकदा हो म्हण, म्हणजे ही पोरगी तरी सुटेल.

राजसनं वडिलांकडे पाहिलं. ते पाहुण्यांना पेढे देत होते, पण हात थांबला होता.

"नाही गं," तो म्हणाला. "बाबांनी बांधलंय तेच बरोबर आहे."

तिला हायसं वाटलेलं मला दिसलं. तिनं पुस्तक फिरवून नावाची बाजू वर केली आणि खुर्चीत जाऊन पहिल्यापासून वाचायला घेतलं.