परक्या पोरांची आई

मस्कतला मत्रहच्या समुद्रकाठी संध्याकाळी एक वयस्कर बाई भेटायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती. युगांडातल्या खेड्यात त्या नवऱ्यासोबत अनाथ मुलांचा आश्रम चालवायच्या. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना इथं आणलं होतं. बिस्किटाचा पुडा फोडला, की त्या सवयीनं प्रत्येक बिस्किटाचे बारीक तुकडे करायच्या आणि वाटायला कुणी नाही म्हणून तशाच बसून राहायच्या.

एकदा मुलगा न्यायला आला. “आई, तुम्ही दमला असाल. चला,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “किती अदबीनं बोलतो हो!”

“आश्रमापायी त्याला लहानपणीच भारतात होस्टेलला ठेवलं,” त्या हळूच म्हणाल्या. “आश्रमातली पोरं आई म्हणून गळ्यात पडायची. पोटचा मात्र मला ‘तुम्ही’ म्हणतो.”