बिट्टूची साक्ष

आमच्या प्रताप नगरातल्या गल्लीत देवतळेकाका कोणालाही फाटक उघडण्याआधी कुत्र्याच्या तोंडाकडे बघत. मी शेजारी नवा राहायला आलो, तेव्हा ओळख करून घ्यायला गेलो. फाटकाबाहेर मी, आत काका आणि त्यांचा तांबूस गावठी कुत्रा बिट्टू. मी नाव सांगितलं, हिंगण्याच्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला असतो म्हणालो. बिट्टूने मान एका बाजूला कलती केली.

"दुसऱ्या शिफ्टले जाता, मग सकाळी सातले गाडी घेऊन कुठं गेले होते?"

"दूध आणायला."

"मान वाकडी करून राहिला तो," काका म्हणाले. "काही तरी खोट हाय बोलण्यात."

फाटक उघडलं नाही.

वाडीच्या गोदामांत ट्रकमधला माल तपासण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं. सील शाबूत असूनही आतलं पोतं हलकं निघू शकतं, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की माणसांनाही ते तसंच हलवून बघत. काकू गेल्यावर घरात दोघंच उरले. मुलगी पुण्याला. बिट्टू बसण्याआधी स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायचा, काका म्हणत, "जागा तपासते तो." अर्धी पोळी तो कुंडीत पुरायचा, नाकाने माती लोटायचा आणि चहूकडे बघून घ्यायचा. काका खूश. "भरवसा नाही त्याचा कोणावर. अक्कल हाय!" एकदा विम्याचा माणूस बोलत असताना बिट्टूने लांबलचक जांभई दिली, तर काकांनी त्याला तिथूनच परत पाठवलं.

तीन वर्षं आमचं बोलणं फाटकावरूनच झालं. मग एका थंडीत बिट्टूला नवीनच खोड लागली. काका बसले की तो त्यांचा उजवा पाय चाटत राही, आणि चप्पल काढली की उजवीच पळवी. डावीला तोंडसुद्धा लावत नसे. एका दुपारी काका ती चप्पल हातात धरून माझ्या दारात उभे राहिले. मागे बिट्टू.

"काय लावता तुम्ही हिले?"

"मी? मी कशाला काही लावू, काका?"

"कुत्रा तोडून राहिले तुम्ही माझ्यापासून. काहून, तेवढं सांगा."

मला राग आला. दार लावून घेणार होतो, तेवढ्यात चपलेवरचा पिवळट डाग दिसला. वासही आला.

"काका, पाय दाखवा."

"पायाचं काय काम?"

बिट्टू तोवर त्यांच्या मोज्याला नाक लावून कुंई कुंई करायला लागला होता. काका नाइलाजाने पायरीवर बसले. मोजा काढला. अंगठ्याखाली खिळ्याच्या टोकाएवढं काहीतरी रुतलेलं, आणि भोवती सगळं काळं पडलेलं.

"दुखत नाही?"

"नाही," ते म्हणाले. पुन्हा एकदा बोटाने दाबून पाहिलं. "काहीच समजून नाही राहिलं मले."

वीस वर्षांच्या मधुमेहाने पाय बधिर झाला होता. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. हातातली चप्पल त्यांनी हळूच खाली ठेवली. बिट्टूला माझ्या बायकोजवळ सोडून मी त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आजच काढावी लागतील, नाही तर पाय जाईल. "अंगठ्याले लागलं, मग दोन काहून?" काकांनी त्यांना तीनदा विचारलं. मुलगी पुण्याहून निघाली होती, पण तिला पोचायला वेळ होता. परिचारिका संमतीचा फॉर्म घेऊन आली आणि जवळचा नातेवाईक कोण, असं विचारू लागली. मी शेजारी आहे, असं सांगायला तोंड उघडलं.

"पुतण्या हाय माझा," काका पलंगावरून म्हणाले. "तो करते सही."

मी पेन हातात घेतलं, तसा त्यांनी माझं मनगट धरलं.

"आधी पूरा वाच गा. कोरी जागा असन, तर रेघ मार."

मी चारही पानं वाचली, कोऱ्या जागांवर रेघा मारल्या, आणि नात्याच्या रकान्यात 'पुतण्या' लिहिलं.