ताटवालीचं नाव

मेघना गेली त्या सकाळी मी एका राक्षसिणीच्या हातातलं ताट घासत होतो. ताट माझ्या नखाएवढं होतं. दवाखान्यातून तिच्या भावाचा, बाळासोचा, फोन आला. तो म्हणाला, "दाजी, या." एवढंच. मी कानस खाली ठेवली, हात धुतले, शर्ट बदलला. रिक्षात बसल्यावर कळलं की ती राक्षसीण डाव्या मुठीत तशीच आहे.

दुपारी पेपरात बातमी द्यायची होती. बाळासोनं विचारलं, "दाजी, हौसा पण लिहू का? माहेरचं नाव. आमच्या गावात मेघना म्हणून कोण ओळखतंय तिला?"

"कशाला? मेघनाच लिही," मी म्हटलं.

त्यानं मेघनाच लिहिलं.

या गोष्टीला अडीच महिने झाले.

मी कोल्हापुरात फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. लाकडात वस्तू कोरायची, तिच्यावरून वाळूत साचा पाडायचा, मग त्यात धातू ओततात. निवृत्त झाल्यावर हात गप्प बसेनात, म्हणून घरीच शिशाच्या सोंगट्या ओतायला लागलो. लढाईच्या खेळासाठी. मोठ्या टेबलावर डोंगर आणि खिंडी मांडायच्या, दोन बाजूंना दोन फौजा उभ्या करायच्या, टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढायचं. दर रविवारी आम्ही सहा-सात म्हातारे खेळतो. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला राक्षस.

राक्षसांची नावं आणि पदव्या मेघना ठरवायची. तिचा एक नियम होता. आपल्याला जे खरंच छळतं त्याचीच पदवी राक्षसाला द्यायची. ओल्या सरपणाचा सुभेदार धुरकोंड्या. आटल्या नळाची किल्लेदारीण खडखडी. गुडघ्यांचा सरनोबत कळकोजी. पहिल्यांदा सगळे हसले. नंतर खडखडी पुढं सरकली की आमच्यातल्या इंगवल्यांचा चेहरा खरंच उतरायचा.

नवी सोंगटी ती दोन दिवस ओट्यावर ठेवायची आणि स्वयंपाक करता करता तिच्याशी बोलायची. "विचारल्याशिवाय नाव ठेवू नये," म्हणायची. मला वाटायचं, थट्टा आहे.

तिनं एकोणचाळीस नावं ठेवली. चाळिसावी सोंगटी तिनं अंथरुणातून सांगितली. "शिंगं नकोत, सुळे नकोत. साधी बाई करा. हातात ताट द्या." वहीत त्या सोंगटीची ताकदही लिहून ठेवली: ही ज्याला शिवेल त्याचं नाव जातं, मग तो हिच्याच हाकेला ओ देतो. वर नावाची जागा कोरी. सोमवारी इंगवले आमच्या खेळाच्या नियमांचं पुस्तक छापायला देणार आहेत. ते रोज फोन करतात. रोज.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी तांदूळ निवडायला बसतो. समोर स्टीलचं ताट, शेजारी तिची वही, वहीवर ती ताटवाली. बोटातली अंगठी काचते. ही लग्नातली अंगठी वीस वर्षं निघत नाही. साबण लावून झाला, तेल लावून झालं, दोरा गुंडाळून झाला. तसाच खडे वेचतो. पंखा फिरतोय. ताटातले तांदूळ लांब जातात, जवळ येतात, परत लांब जातात.

"हा एक राहिला," मेघना म्हणते आणि खडा उचलते.

ती समोरच्या खुर्चीत बसली आहे. दवाखान्यातला स्वेटर अंगात, पण केस सगळे परत आलेले. मी दचकत नाही. मला राग येतो.

"होतीस कुठं? इंगवले डोकं खातोय माझं."

"नाव ठेवलंत का तिचं?"

"ते तुझं काम. अर्धं टाकून गेलीस."

"मग आता तुमी ठेवा. सांगा बघू."

मी चार दिवस कागदावर लिहून ठेवलेली नावं काढतो. "रक्तजिव्हा."

"दंतमंजन वाटतंय."

"महाभयंकरी."

"तुमच्या आत्याला शोभलं असतं."

"प्रलयसम्राज्ञी."

"टेबलापलीकडून हाक मारा बघू. अर्ध्यात इंगवल्यांची कवळी पडेल."

"मग तूच सांग ना बाई," मी म्हणतो आणि पाणी आणायला उठतो.

स्वयंपाकघरात फरशीच्या जागी काळी वाळू आहे. फाउंड्रीतली. पाय घोट्यापर्यंत रुततो. मेघना माझ्या पुढं चालते आहे आणि तिचे पाय रुतत नाहीत. भिंतीला टेकून एकोणचाळीस राक्षस बसलेत. जेवणाची सुट्टी झालेली दिसते, सगळ्यांनी डबे उघडलेत. सुभेदार धुरकोंड्या उठून तिला जागा देतो.

"बसा बाई."

"नको, हे सोबत आहेत. काय रे, तुझ्या नावाचा काही त्रास?"

"छे ओ. मला विचारूनच ठेवलंत की." तो डब्यातली भाकरी मोडतो. "मिस्त्री, तुमी खाणार?"

"मला भूक नाही," मी म्हणतो. "मला नाव पाहिजे. सोमवारी छापायचंय." मग तिच्याकडं वळतो. "ही सगळी नावं तुला छळणाऱ्या गोष्टींची आहेत. ओलं सरपण मी समजू शकतो. नळ समजू शकतो. पण ही नाव काढून घेणारी तुला कुठं भेटली?"

चष्मा कपाळावर असताना मी तो घरभर शोधायचो, तेव्हा ती जशी बघायची, तशी आता बघते.

"ताट कसलं आहे ते बघा."

वाळूत एक गोल साचा पाडलेला आहे. मी वाकून हात घालतो. आत तांदूळ आहेत. ताट उचलून सरळ होतो तर डोक्यावर मांडवाचं कापड. तिच्या गावच्या शाळेचं मैदान. फळ्यावर कुणीतरी पाढे लिहिलेत, ते अजून पुसलेले नाहीत. समोर पाटावर वीस वर्षांची मुलगी मुंडावळ्या बांधून बसली आहे. माझ्या बोटातली अंगठी सैल आहे, नवीकोरी.

"लिहा, नवरदेव," भटजी म्हणतात. "पंगत खोळंबलीय."

मागून माझे मित्र हसतात. ते साखरपुड्यालाही हसले होते. हौसा काय रे, म्हशीचं नाव वाटतंय. त्या रात्री मी मासिकं चाळून मेघना शोधून काढलं होतं. मला ते झकास वाटलं होतं. आमच्याकडं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, सगळे वाचतात, पेढे वाटतात. झालं.

म्हातारी मेघना माझ्या मागं उभी आहे. स्वेटरची बटणं लावते आहे.

"एवढंच होतं तर बोलायचं होतंस की," मी म्हणतो. "एक्केचाळीस वर्षं. एकोणचाळीस राक्षसांना नावं ठेवलीस, मला एकदा सांगायला काय झालं होतं?"

"तुमाला एकदा विचारायला काय झालं होतं?"

"मला काय कल्पना?"

"मी राक्षसांना विचारत होते तेव्हा तुमी शेजारीच बसलेला. नखं घासत त्यांची."

"ते कोड्यात बोलणं झालं. मी साधा माणूस आहे. मला सरळ सांगावं लागतं."

"सरळ सांगते. अंगठी हातात आहे, तांदूळ समोर आहेत. तिला विचारा."

मुलगी मान वर करते. चारच शब्द आहेत. तुला कोणतं नाव पाहिजे. मी तोंड उघडतो. भटजी म्हणतात, लवकर. कुणीतरी म्हणतं, भात गार होतोय. माझे वडील घड्याळ बघतात. मी अजून शब्द जुळवतोय आणि माझा उजवा हात तांदळात उतरलेला आहे. म लिहून झालाय. मी डाव्या हातानं मनगट धरतो. ते थांबत नाही. मी दोन्ही पाय रोवून मागं ओढतो, तरी ते थांबत नाही. मुलगी आता माझ्याकडं बघत नाही, हाताकडं बघते.

"बघा," मेघना मागून म्हणते. ती रागावलेली नाही. रविवारी सगळे खेळून गेल्यावर कपबशा गोळा करताना तिचा जसा आवाज असायचा, तसा आहे. "परत."

मी जागा होतो. ऊन फ्रिजवर आलेलं. उजवा तळहात ताटातल्या तांदळात पालथा. उचलला तर बोट मोकळं लागलं. बोटावर पांढरा पट्टा होता आणि अंगठी नव्हती.

ती तांदळात होती. खड्यासारखी वेचून काढली.

मी बारीक झालोय, असं बाळासो म्हणतो. तेही असेल.

पाच वाजता इंगवल्यांचा फोन आला. "मिस्त्री, नाव?"

"नाही."

"अहो, काहीही ठेवा. राक्षसच आहे शेवटी."

"विचारल्याशिवाय ठेवता येत नाही."

"कुणाला विचारायचंय? मी विचारतो."

"तुम्ही नको," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

अंगठी वाटीत घालून देव्हाऱ्यासमोर ठेवली आहे. ताटवाली ओट्यावर उभी आहे. दोन वेळा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. वहीच्या चाळिसाव्या पानावर नावाची जागा कोरीच आहे. हौसा हे नाव या हकीकतीत लिहिलं, पण मोठ्यानं मी ते अजून एकदाही घेतलेलं नाही.